गोष्ट बदकांना सांगायची

बाळ बघायला आलेली माणसं बाळ बघत नाहीत, तपासतात. दुपट्यातून जेमतेम तोंड बाहेर असतं, तेवढ्याचीही वाटणी सुरू होते. कपाळ आजोबांच्या नावावर चढतं, हनुवटी मावशीच्या, जिवणी थेट पणजीच्या. रंगाचा निकाल चेहऱ्यावरून लागत नसेल तर कानाच्या पाळ्या उलटून पाहतात, कारण पक्का रंग तिथे कळतो अशी ठाम समजूत आहे. सगळं वाटून झालं की एखादं नाक शिल्लक राहतं. त्याला दोन्ही घराण्यांत दावेदार नसतो. "हा कुणावर गेलाय ग?" असं कुणीतरी विचारतं, आणि खोलीभर अवघडल्यासारखं होतं. मग एखादी अनुभवी काकू बाजू सावरते, "बदलतात हो मुलं!" बाळाचं बारसं व्हायचंय, आणि त्याच्या सुधारणेची आशा व्यक्त होऊन गेलेली असते.

हॅन्स ख्रिश्चन अँडरसन हा डेन्मार्कचा लेखक आपल्याकडच्या कुठल्या बारशाला आला नव्हता. पण १८४३ साली त्याने कुरूप पिल्लाची गोष्ट लिहिली, ती वाचताना तसा संशय येतो. गदिमांनी ही गोष्ट गाण्यात आणल्यामुळे मराठी माणसाला अँडरसन माहीत नसला तरी ते तळं माहीत असतं. मात्र गाण्याचा आणि गोष्टीचा मोठा फरक म्हणजे मूळ गोष्टीतल्या बायका. तिथे अंडं फुटायच्या आधीच एक म्हातारी बदकीण येऊन सांगते, हे अंडं टर्कीचं दिसतंय, सोड त्याचा नाद. पिल्लू बाहेर आल्यावर आई त्याला पाण्यात सोडून बघते. ते झकास पोहतं. म्हणजे टर्की नाही, आपलंच आहे, आणि नीट पाहिलं तर तसं देखणंच आहे, असा ती निर्वाळा देते. पुढे सगळ्यांना घेऊन ती आवारातल्या सर्वांत मानाच्या बदकिणीच्या पाया पडायला जाते. ही बाई स्पॅनिश रक्ताची, अंगाने भरलेली, आणि पायाला लाल चिंधी बांधलेली. लाल चिंधी हा तिथला सर्वोच्च किताब. ती म्हणते, मुलं गोड आहेत, तेवढं एक बिघडलंय, पुन्हा करता आलं तर बघ. त्यावर आई जे उत्तर देते ते कुठल्याही मराठी आईच्या तोंडी शोभेल. दिसायला नसेल, पण स्वभावाने चांगलं आहे. अंड्यात जरा जास्त दिवस राहिलं, म्हणून अंग असं झालं. आणि शेवटी, नर आहे ना, मग चालतं!

मुलगा आहे ना, मग चालतं. कोपनहेगनपासून कोल्हापूरपर्यंत आयांनी या एका वाक्यावर केवढाल्या सभा मारून नेल्या आहेत.

पण त्या आईचाही धीर सुटतो. इतर पिल्लं टोचतात, कोंबड्या चावतात, दाणे टाकणारी मुलगी लाथ मारते. शेवटी आईच म्हणते, तू कुठेतरी लांब असतास तर बरं झालं असतं. गोष्टीतलं सर्वांत कठीण वाक्य हेच आहे, आणि बहुतेक चित्रमय आवृत्त्यांमधून ते गाळलेलं असतं. पिल्लू कुंपणावरून उडून पळतं. वाटेत शिकाऱ्यांचा गोळीबार, भलामोठा कुत्रा, हिवाळा. कुत्रा हुंगून निघून जातो, तेव्हा पिल्लाला वाटतं, आपण इतके कुरूप आहोत की कुत्रासुद्धा तोंड लावत नाही. आत्मविश्वास खचलेल्या माणसाचं वैशिष्ट्य हे, की वाचल्याचंही त्याला वाईट वाटतं.

मला त्या गोष्टीत सर्वांत आवडतात ते एका म्हातारीच्या झोपडीतले मांजर आणि कोंबडी. मांजर पाठीची कमान करतं आणि गुरगुरतं. कोंबडी अंडी घालते. दोघांची मिळून अशी खात्री की जगाचा अर्धा भाग म्हणजे आपण, आणि त्यातला बरा अर्धा. कोंबडी पिल्लाला विचारते, अंडी घालता येतात? नाही. मांजर विचारतं, पाठीची कमान करता येते? नाही. मग शहाणी माणसं बोलत असताना मत देऊ नये. पिल्लू चाचरत म्हणतं, मला पाण्यावर तरंगावंसं वाटतं. कोंबडी म्हणते, रिकामपणाचे चाळे आहेत, चार अंडी घाल, बरं वाटेल. ही मुलाखत मी अनेक दिवाणखान्यांत ऐकली आहे. चहा ठेवता ठेवता दहावीच्या मुलाला गणितात किती आणि सायन्सला किती एवढं विचारून घेतात. मुलगा म्हणतो, मला तबला आवडतो. "छंद म्हणून ठीक आहे रे," असं म्हणून कोंबडी बशीतला चिवडा उचलते.

ही माझीच गोष्ट आहे, असं अँडरसन सांगत असे, आणि ते पटण्यासारखं आहे. ओडेन्स गावातल्या एका चांभाराचा आणि धुणं धुणाऱ्या बाईचा हा मुलगा. उंच, लांबोडका, मोठ्या नाकाचा. १८१९ साली, चौदाव्या वर्षी, नट व्हायचं म्हणून एकटा कोपनहेगनला गेला. गाणं जमलं नाही, नाच जमला नाही, नाटकवाल्यांनी हात टेकले. पुढे तो लेखक म्हणून युरोपभर गाजला, राजेरजवाडे त्याला जेवायला बोलावू लागले. म्हणजे हंस झाला. पण झाला का? आग लागली तर खिडकीतून उतरायला हवा म्हणून तो प्रवासात दोरखंड घेऊन फिरे. झोपेत आपल्याला मेलेलं समजून पुरतील या भीतीने उशाशी चिठ्ठी ठेवी की दिसतो तसा मेलेलो नाही. १८५७ साली तो चार्ल्स डिकन्सकडे पाहुणा म्हणून गेला, पंधरा दिवसांसाठी, आणि राहिला पाच आठवडे. तिथे असताना आपल्या पुस्तकावरची एक वाईट समीक्षा वाचून तो हिरवळीवर पालथा पडून रडला. तो गेल्यावर डिकन्सने त्या खोलीतल्या आरशावर कागद लावला: इथे अँडरसन पाच आठवडे झोपला, घरच्यांना ते युगांसारखे वाटले. ज्या माणसाने पाण्यात दिसलेल्या देखण्या प्रतिबिंबाची जगप्रसिद्ध गोष्ट लिहिली, त्याच्या वाट्याला आरशावरची ही चिठ्ठी यावी! पंख पांढरे झाले तरी आतलं पिल्लू जागच्या जागी असतं, हे गोष्टीत नसलेलं सत्य त्याच्या चरित्रात आहे.

इथेच मला या गोष्टीबद्दलची जुनी शंका पुन्हा सतावते. ते पिल्लू मुळात हंसाचंच होतं. म्हणजे कुणी कुणाला स्वीकारलं असं काही घडलंच नाही, फक्त पत्ता चुकला होता, तो सापडला. पण ते खरोखरच बदक असतं तर? थोडं करडं, थोडं बेढब, आवाज फाटका, आणि वसंत ऋतू आला तरी तसंच? त्याने पाण्यात पाहिलं असतं, तर पाण्याने त्याला त्याचं करडं, बेढब तोंडच दाखवलं असतं. त्याच्या गोष्टीला शेवट कोण देणार?

शाळांच्या स्नेहसंमेलनांनी हा प्रश्न फार सोप्या पद्धतीने सोडवला आहे. मी पाहिलेल्या एका संमेलनात हे नाटुकलं होतं. पहिले चार प्रवेश पिल्लाचं काम एका सावळ्या, चष्मा लावलेल्या मुलीने केलं आणि जीव ओतून केलं. पाचव्या प्रवेशात दिवे गेले, दिवे आले, आणि त्याच जागी पांढरा सॅटिनचा फ्रॉक घातलेली वेगळीच गोरीपान मुलगी उभी! टाळ्यांचा कडकडाट झाला, पालकांनी मोबाइल उंच धरले. रूपांतर तर असं झालं की अँडरसनलाही सुचलं नसतं: नटीच बदलून टाकली. चष्मेवाली विंगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. वेगळं असण्याबद्दल त्या दिवशी तिला काय समजलं असेल, याचा विचार करायला वेळ नव्हता, कारण लगेच कोळीनृत्य होतं.

नंतरच्या लेखकांनी हंसाचा मार्ग सोडला, पण बरेचजण उपयुक्ततेकडे वळले. रुडॉल्फ नावाचं रेनडिअर घ्या. त्याचं नाक लाल आणि चमकणारं, म्हणून बाकीचे हसतात, खेळायला घेत नाहीत. एका नाताळात दाट धुकं पडतं, सांताक्लॉजला वाट दिसेना, तेव्हा तेच नाक दिव्याच्या कामी येतं आणि रुडॉल्फ एका रात्रीत लाडका होतो. ही गोष्ट १९३९ साली रॉबर्ट मे याने लिहिली. तो शिकागोच्या मॉंटगोमेरी वॉर्ड या दुकानाच्या जाहिराती लिहिणारा माणूस. नाताळात गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला म्हणून ती छापली, आणि पहिल्याच वर्षी सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. दुकानातून आलेली असल्यामुळे गोष्टीचा व्यवहार चोख आहे: कामाला आलास, तर आपला. आपल्या नात्यागोत्यांतही असे रुडॉल्फ असतात. वर्षानुवर्षं ज्याला तऱ्हेवाईक म्हणून लग्नकार्यात कोपऱ्यात बसवलं, त्याला आयकरातलं कळतं असा शोध मार्च महिन्यात लागतो, आणि एकदम "आपला बाळू" होतो. एप्रिलमध्ये धुकं निवळतं.

स्वित्झर्लंडच्या मार्कस फिस्टरचा इंद्रधनुषी मासा १९९२ सालचा. त्याच्या अंगावर झगमगणारे खवले, म्हणून त्याला गर्व, म्हणून त्याला मित्र नाहीत. ऑक्टोपस आजी सल्ला देते, खवले वाटून टाक. तो एकेक करून वाटतो, प्रत्येकाकडे एकेक चमकता खवला होतो, आणि मग सगळे त्याच्याशी खेळतात. वाटून खावं हे ठीकच, पण अंगावरची कातडी वाटावी का, हा प्रश्न मला पडतो. 'तारे जमीन पर' हा २००७ सालचा चित्रपट पाहून आपण सगळे रडलो, मीही रडले. अक्षरं नाचताना दिसणाऱ्या ईशानला समजून घेणारा मास्तर भेटतो, याचं ते रडू होतं. तरीही शेवटी त्याचं चित्र स्पर्धेत पहिलं येतंच. ते उत्तेजनार्थ आलं असतं, किंवा त्याला चित्रकलाही बेताचीच येत असती, तर आपल्याला तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं असतं का?

आपल्या पंचतंत्रात मुलांना असं गोंजारणं नाही. तिथे वेगळेपणा म्हणजे धोका. निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा निळा होऊन राजा होतो, सिंह-वाघ त्याची चाकरी करतात, आणि एका रात्री लांबून कोल्हेकुई ऐकू येताच त्यालाही हुंदका आवरत नाही. तो सूर लावतो आणि मरतो. दुसऱ्या एका गोष्टीत तर अँडरसन जसाच्या तसा उलटा केलेला आहे. सिंहीण कोल्ह्याचं अनाथ पिल्लू आपल्या दोन छाव्यांबरोबर वाढवते. एक दिवस हत्ती दिसतो. छावे झेपावायला निघतात, कोल्ह्याचं पोर घराकडे धूम ठोकतं. भाऊ हसतात, ते चिडतं. तेव्हा सिंहीण त्याला बाजूला घेऊन मायेने समजावते: बाळा, तू शूर आहेस, शिकलेला आहेस, देखणा आहेस, पण ज्या कुळात जन्मलास तिथे हत्ती मारत नाहीत. भावांना कळायच्या आत आपल्या लोकांत निघून जा. जगात दत्तक आईने दिलेली इतकी सभ्य हकालपट्टी दुसरी नसेल.

त्यातली उंदराची मुलगी मात्र मला प्रिय आहे. ऋषींच्या ओंजळीत ससाण्याच्या चोचीतून उंदराचं पिल्लू पडतं, ते तिला मुलगी करून वाढवतात आणि वयात आल्यावर स्थळं बघतात. सूर्य आणला, फार तापट. ढग आणला, काळा. वारा आणला, चंचल. पर्वत आणला, कठीण आणि जागचा हलत नाही. शेवटी उंदीर आला आणि ती लाजून म्हणाली, बाबा, मला उंदीर करा. शतकानुशतकं याचं तात्पर्य "जातीवर गेली" असं काढलं गेलं. मी ते वेगळ्या बाजूने वाचते. जिला सूर्याचं घर चालून आलं होतं, तिने आपल्याला काय हवं ते ओळखलं, स्पष्ट सांगितलं, आणि बापाने "लोक काय म्हणतील" असं न म्हणता ऐकलं.

आणि पंचतंत्राची सगळ्यात छान गोष्ट तर पहिल्याच पानावर आहे, आपण घाईने तिला ओलांडतो. अमरशक्ती राजाचे तीन मुलगे, बहुशक्ती, उग्रशक्ती आणि अनंतशक्ती. नावांत इतकी शक्ती असून अभ्यासात तिघेही ढ. दरबारातले पंडित म्हणतात, नुसतं व्याकरण शिकायला बारा वर्षं लागतात, मग पुढची शास्त्रं. ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा म्हणतो, सहा महिने द्या. शंभर गावं इनाम देऊ केली, तर म्हणतो, विद्या विकत नाही. मग तो मुलांना बदलत बसत नाही, अभ्यासक्रम बदलतो. कोल्हे, सिंह, कावळे, घुबडं आणून राजनीती शिकवतो. म्हणजे आपलं हे थोर पुस्तक मुळात वर्गात न रमणाऱ्या तीन मुलांसाठी झालेलं आहे. वेगळ्या पिल्लांची गोष्ट आतल्या प्राण्यांत शोधत बसलो, ती बाहेर ऐकायला बसली होती.

जपानच्या तोत्तोचानला असाच विष्णुशर्मा भेटला. तेत्सुको कुरोयानागीचं हे आत्मकथन १९८१ सालचं, चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी घराघरांत गेलं. पहिलीतच शाळेतून काढलेली ही मुलगी. गुन्हे कोणते, तर डेस्काचं झाकण सारखं उघडबंद करणं आणि खिडकीतून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारणं. नव्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. घरच्या माणसाचं बोलणं आपण चार मिनिटं ऐकत नाही. त्या शाळेत ताकाहाशी नावाचा मुलगा होता, त्याचे हातपाय आखूड, उंची वाढणार नव्हती. कोबायाशींनी क्रीडादिनाचे खेळच असे बसवले की त्यात आखूड पाय सोयीचे पडावेत. कापडी माशाच्या तोंडातून शिरून शेपटाकडून बाहेर यायचं, बुटक्या पायऱ्यांवरून धावायचं. ताकाहाशी धडाधड पहिला आला. बक्षीस म्हणून मुळे आणि पालक अशी भाजी, ती घरी नेऊन सगळ्यांनी खायची. कुणी भाषण केलं नाही, कुणी त्याला "तू वेगळा आहेस पण खास आहेस" असं सांगितलं नाही. पायऱ्या बुटक्या होत्या, एवढंच.

बुटक्या पायऱ्या बांधणारी माणसं आपल्याकडेही असतात, फक्त त्यांच्यावर पुस्तकं निघत नाहीत. माझा एक चुलतभाऊ डावखुरा. पंगतीत बसला की त्याचं डावं कोपर शेजारच्याच्या उजव्या कोपरावर आपटे, ताकाची वाटी लवंडे, आणि "डाव्या हाताने जेवतात का?" हे प्रवचन सुरू होई. आजी सोवळ्याची, कर्मठ, तिच्याकडून कुणाला सवलतीची अपेक्षा नव्हती. एका श्रावणी सोमवारी तिने त्याचा पाट उचलला आणि रांगेच्या अशा टोकाला मांडला की त्याच्या डावीकडे फक्त भिंत. त्यानंतर तो पाट तिथेच राहिला. प्रसाद तेवढा उजव्या हातात घ्यायचा, बाकी भिंतीची काही तक्रार नव्हती. आत्मस्वीकार हा शब्द आजीने ऐकला नसावा. तिला सांडलेलं ताक पुसायचा कंटाळा होता, आणि मला वाटतं जगातल्या बऱ्याच सुधारणा अशाच झाल्या असाव्यात.

या सगळ्या गोष्टींत माझं मत फर्डिनांडला. मन्रो लीफने लिहिलेला आणि रॉबर्ट लॉसनने चितारलेला हा स्पेनचा बैल १९३६ साली आला. इतर खोंड टकरा मारतात, माद्रिदच्या झुंजीची स्वप्नं बघतात. फर्डिनांड एका झाडाखाली बसून फुलांचा वास घेतो. आईला काळजी वाटते, एकटा पडेल. ती विचारते, तो म्हणतो इथे बरं वाटतं, आणि ती गाय असूनही समजूतदार असल्यामुळे त्याला बसू देते. पुढे तो चुकून मधमाशीवर बसतो, नांगी लागून बेफाम उधळतो, आणि माद्रिदहून आलेले पाच जण खूश होऊन त्याला झुंजीला नेतात. मैदानात तो बायकांच्या केसांतली फुलं पाहतो, मधोमध बसकण मारतो आणि वास घेत राहतो. शेवटी वैतागून त्याला घरी सोडतात. तो हंस होत नाही, कुणाला वाट दाखवत नाही, बक्षीस आणत नाही. बैल होता, बैल राहिला. एवढ्याशा बैलाला फ्रँकोच्या स्पेनमध्ये बंदी झाली. जे राज्य झुंजीवर उभं असतं त्याला बसलेला बैल परवडत नाही.

मुलांना यातलं काय पोचतं? माझा अनुभव असा की मुलं गोष्ट खातात आणि तात्पर्य कढीपत्त्यासारखं ताटाच्या कडेला काढून ठेवतात. फर्डिनांड संपल्यावर त्यांचा प्रश्न असतो, मधमाशी मेली का? कुरूप पिल्लानंतर, टर्की म्हणजे काय? पिल्लाला आपण पिल्लू असल्याचं दुःख होतच नसतं, होतं ते टोचल्याचं. आपण मात्र त्यालाच समोर बसवून सांगतो, स्वतःवर प्रेम कर, खचू नकोस, एक दिवस तू हंस होशील. चोची ज्यांच्या, ते ही गोष्ट ऐकायला कधी बसलेले नसतात. ती सांगायला हवी होती लाल चिंधीवाल्या बाईंना, अंडी घालणाऱ्या कोंबडीला, कानाच्या पाळ्या उलटणाऱ्या काकूंना, आणि गोरी मुलगी विंगेत तयार ठेवणाऱ्या शिक्षिकांना.

तशी सोय मात्र आयतीच झालेली आहे. गोष्ट रात्री मोठ्याने वाचावी लागते आणि वाचणारा मोठा माणूस असतो. म्हणून निम्म्या वाटेत मूल झोपलं तरी पुस्तक मिटू नये. जिच्यासाठी गोष्ट लिहिली आहे ती बदकीण जागीच असते.